डॉक्टरीणबाईंचा दुधावरचा राग

गेल्या महिन्यात भोरला एका लग्नात जेवायला बसले होते. शेजारची बाई माझ्याच वयाची, शाळेत माझ्या पुढच्या बाकावर असायची. जिलेबीचा तुकडा मोडता मोडता ती सहज म्हणाली, "तुझं तोंड त्या येड्या डॉक्टरणीनं जाळलं होतं ना गं? नंतर बरं निवळलं म्हणायचं."

मी मान हलवली. पान अर्धं टाकून हात धुवायला उठले. पन्नास वर्षांच्या वर झाली, मी हे वाक्य ऐकतेय. लग्नात ऐकलं, मयतीत ऐकलं, एसटीत ऐकलं. दर वेळी मान हलवली आणि गप्प बसले. आता ज्यांच्यासाठी गप्प बसले ती माणसं राहिली नाहीत. म्हणून वही घेऊन बसलेय. शाळा माझी नववीतच सुटली, पुढचं लिहिणं-वाचणं मी माझं मी शिकले, तेव्हा कुठं मागचं पुढं झालं तर तुम्हीच लावून घ्या.

तर पहिली गोष्ट ही, की डॉक्टरीणबाई वेड्या नव्हत्या. तऱ्हेवाईक होत्या, ते मी नाकारत नाही.

ठेंगणी मूर्ती. केस मागं ओढून घट्ट बांधलेले. बारा महिने पांढरी खादीची साडी आणि पायांत पुरुषांच्या वहाणा. कुठल्याशा मोठ्या शहरात, कातडीच्या रोगांच्या दवाखान्यात त्यांनी बरीच वर्षं काढली होती. तिथून उठून भोरला कशाला आल्या, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "का? इथल्या लोकांना कातडी नसते का?"

बाजारपेठेच्या मागच्या आळीत त्यांनी दोन खोल्या घेतल्या होत्या. बाहेरच्या खोलीत बाक, आतल्या खोलीत एक स्टूल, एक टेबल, बाटल्या आणि सोनाराकडं असतो तसला तराजू. पांढरी पूड त्या तराजूवर तोलायच्या, स्पिरिटमध्ये विरघळवायच्या आणि बाटलीला चिठ्ठी डकवायच्या. पुडीचं नाव सॅलिसिलिक ॲसिड, ते मी तिथंच शिकले. आरसा मात्र अख्ख्या दवाखान्यात नव्हता. एकदा कुणीतरी भिंतीवर टांगायला आणून दिला, तर तो परत पाठवला. म्हणाल्या, "आरशात घरी बघा. इथं बघायचं काम माझं."

आणि बोलणं तर असं उलटं, की पहिल्यांदा येणारा चक्रावून जायचा. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरापोरींना त्या 'अहो' म्हणायच्या. "या, बसा, कसं वाटतंय तुम्हाला?" आणि बरोबर आलेल्या बापाला, चुलत्याला सरळ 'तू'. एका मास्तरांना त्याचा राग आला. ते म्हणाले, "बाई, मी वडील आहे त्याचा." बाई म्हणाल्या, "मुरूम कुणाच्या तोंडावर आहेत? त्यांच्या. मग पेशंट ते. तू बाहेर बस."

त्यांच्या डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, चौकोन होते. काही गुलाबी, काही पांढरट, काही करडे. सारवताना मधे मधे जमीन राहून जावी तसे. नवं औषध बनवलं की पहिला चौकोन स्वतःच्या हातावर. एखादी पोरगी घाबरून विचारायची, "लई झोंबंल का?" तर बाई बाही वर सारायच्या. "हा चौकोन बघा. तुमचंच औषध. सोमवारी लावलं, आज शुक्रवार. मी मेले का?"

औषध तोंडावर लावलं की ते किती वेळ ठेवायचं ते बघायला त्या घड्याळ वापरत नसत. पेशंटनं स्टुलावर बसून मोठ्यानं एकोणतीसचा पाढा म्हणायचा. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. दहावर पोचलं की बाई तोंड धुऊन टाकणार. मधे अडखळलात तर पहिल्यापासून. आता तोंड तर चरचरतंय, म्हणजे पोरं पाढा पाठ करूनच यायची. वेल्ह्याच्या बाजूला त्या आठवड्यातून एकदा एसटीनं जायच्या, एका शाळेच्या पडवीत बसायच्या. त्या शाळेतल्या मुलांना एकोणतीसचा पाढा येतो आणि सतराचा येत नाही, म्हणून गुरुजी डोकं धरून बसले होते म्हणे.

साल निघाली की कोवळी कातडी उन्हाला धरायची नाही. त्यासाठी दवाखान्याच्या कोपऱ्यात दहा-बारा काळ्या छत्र्या ठेवलेल्या. जाताना न्यायची, पुढच्या खेपेला आणायची. भर मार्चमध्ये, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, एखादं पोरगं छत्री उघडून चाललेलं दिसलं की लोक म्हणायचे, "निघालं बघा सालपट." हसायचे. पण त्या छत्रीखालची तोंडं महिन्या-दोन महिन्यांत स्वच्छ व्हायची, ते मात्र कुणी बोलून दाखवत नव्हतं.

"वरून साल, आतून गोळी." हे त्यांचं घोकलेलं वाक्य. मला त्यांनी नीट समजावून सांगितलं होतं. कातडीला बारीक बारीक तोंडं असतात, त्यांना बूच बसतं. वरचं औषध ते बूच काढतं. पण आत पू धरलेला असतो, त्याला कॅप्सूल लागते. नुसतं बूच काढलं तर पू तसाच. नुसती कॅप्सूल दिली तर बूच तसंच. दोन्ही एकदम पाहिजे, आणि दोन्ही नेटानं.

आणि त्या कॅप्सूलपाशी दुधाचा विषय यायचा.

दवाखान्याच्या दारावर पत्र्याची पाटी होती. बाईंनी स्वतःच्या हातानं रंगवलेली: 'दुधाबरोबर कॅप्सूल घेणाऱ्यांनी इथे येऊ नये.' आता आमच्याकडची समजूत अशी, की कॅप्सूल म्हणजे गरम औषध. त्यातून ती तांबडी-पिवळी, म्हणजे रंगानंच गरम. गरम औषध दुधाबरोबर द्यायचं, नाहीतर पोटात आग पडते. हे प्रत्येक घरात पाळलं जायचं. ज्याच्या घरी दूध नाही तोसुद्धा गोळीपुरतं दूध मागून आणायचा. बाई म्हणायच्या, "दुधात चुना असतो, कॅल्शियम. तो कॅप्सूलला धरून ठेवतो. मग दोघं गळ्यात गळा घालून पोटातून निघून जातात. तोंडाला काय मिळणार?"

एकदा कापूरहोळला त्या एसटी बदलायला उतरल्या होत्या. हॉटेलच्या बाकावर एक ट्रक ड्रायव्हर कपभर दुधाबरोबर तसलीच कॅप्सूल गिळायच्या बेतात. बाईंनी सरळ त्याच्या हातातला कप काढून घेतला आणि दूध रस्त्याच्या कडेला ओतलं. ड्रायव्हर उठून उभा राहिला. हा आडदांड माणूस.

"ओ बाई, डोकं फिरलंय का?"

"तुला बरं व्हायचंय का? मग पाणी घे. दूध पाहिजे तर दोन-तीन तासांनी पी, मी पैसे देते."

पैसे खरंच टेबलावर ठेवले आणि एसटीत जाऊन बसल्या. ही गोष्ट कापूरहोळहून भोरला त्यांच्या आधी पोचली, आणि पोचेपर्यंत त्यांनी ड्रायव्हरच्या थोबाडीत मारली असं झालं होतं.

या पाटीचा सगळ्यात जास्त राग होता आमच्या गावच्या अण्णांना. अण्णांचा गोठा मोठा, शिवाय आसपासच्या गावांचं दूध गोळा करून ते ट्रकनं पुण्याला धाडायचे. चार लोकांत वजन होतं. त्यांचं म्हणणं, "ह्या बाईनं माझ्या धंद्यावर पाटी लावली." बाईंना कुणी तसं सांगितलं तर त्या म्हणायच्या, "त्यांना सांगा, दूध चांगलंच आहे. फक्त माझ्या कॅप्सूलपासून लांब ठेवा." एवढं सरळ वाक्य, पण अण्णांपर्यंत पोचायचं ते 'डॉक्टरीण दुधाला विष म्हणते' असं.

आता माझं सांगते.

कोयनेचा भूकंप झाला त्याच्या पुढचं साल. आम्ही भोरजवळच्या उत्रोलीचे. बौद्ध झाल्याला आम्हाला बरीच वर्षं झाली होती, पण शाळेतलं आमचं बाक आपोआप वेगळं पडायचं, कुणाला सांगावं लागत नव्हतं. त्यात माझं तोंड. गालावर, कपाळावर, हनुवटीवर पिकलेले फोड, एकावर एक. मग त्या बाकावरसुद्धा माझ्याजवळ कुणी बसेना. लागण होते म्हणे. हळद झाली, मसुराचं पीठ झालं. एक आजीबाई म्हणाल्या, लगीन झालं की जातात. एकीनं मला समोर उभी करून आईला विचारलं, "पोरीच्या मनात काय वाईटसाईट हाय का?" अहो, सोळा वर्षांची पोर मी. तोंडावर फोड आले म्हणून माझ्या मनाचा पंचनामा. हे लिहितानासुद्धा माझे कान तापतात.

तेव्हा नर्सच्या ट्रेनिंगला सातवी पास मुली घ्यायचे. माझी निवड झाली होती. फक्त तंदुरुस्तीचा दाखला हवा होता. दाखला देणाऱ्या साहेबांनी मला टेबलाच्या पलीकडं उभी केली. नाडी नाही, डोळे नाहीत, काही बघितलं नाही. लांबूनच म्हणाले, "हे तोंडाचं आधी बरं कर. मे महिन्यात यादी बंद होते, त्याच्या आत ये. तसंच आलीस तर दाखला मिळणार नाही."

फेब्रुवारी चालू होता. घरी मामानं भोंगवलीचं स्थळ बघून ठेवलं होतं. ट्रेनिंग नाही तर लग्न, असं सरळ ठरलेलं. म्हणजे माझं सगळं पुढचं आयुष्य माझ्या दोन गालांवर येऊन बसलं होतं.

आई मला डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. बाईंनी विचारलं, "तुमचं नाव काय?" आईनं माझं नाव सांगितलं. बाई म्हणाल्या, "तुला नाही विचारलं. त्यांना विचारलं." आई माझ्याकडं बघायला लागली, आणि मी मागं कोण आहे ते बघायला लागले. जन्मात मला कुणी 'अहो' म्हटलं नव्हतं.

मग त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. उघड्या बोटांनी. बोटं गार होती आणि स्पिरिटचा वास येत होता. आईशिवाय दुसऱ्या कुणी माझ्या तोंडाला हात लावल्याला वर्षं झाली होती. मला रडू आलं. बाई म्हणाल्या, "दुखलं?" मी मान हलवून नाही म्हटलं. "मग रडू नका, औषध पातळ होतं." ट्रेनिंगचं ऐकल्यावर म्हणाल्या, "मे महिना ना? होईल. पण माझं ऐकायला लागेल." मग आईला पाटी वाचून दाखवली, दोनदा. आईला वाचता येत नव्हतं.

आई व्हय व्हय म्हणाली. आणि घरी आल्यावर म्हणाली, "बाई शहरातली हाय. शहरातली माणसं आधीच दुधातुपावर वाढलेली, त्यांच्या पोटाला गरम काय करतंय? तुजं पोट कोरडं. आग पडंल."

आमच्या घरी दूध नव्हतं. चहासुद्धा कोराच. दुसऱ्या दिवसापासून आई पहाटे उठून अण्णांच्या गोठ्यात शेण काढायला जायला लागली. त्याच्या बदल्यात कपभर दूध. अण्णांच्या घरचं कुणीतरी ते लांबून, वरून तिच्या तांब्यात ओतायचं. अण्णांनी एकदा विचारलं, "रोज कशाला गं दूध?" आईनं सांगितलं, "पोरीच्या गोळीला. डॉक्टरीणबाईंच्या." अण्णा इतके हसले म्हणे. "बाई पाटी लावतीया आनि पेशंट माज्याकडनं दूध नेत्यात. ने, ने."

हे आईनंच घरी येऊन सांगितलं होतं, कौतुकानं. अण्णा चांगला माणूस हाय म्हणून. तेव्हा लक्षात ठेवा, अण्णांना माहीत होतं.

आणि मलाही माहीत होतं. मी पाटी वाचली होती. चुन्याची गोष्ट ऐकली होती. पण आई गोठ्यातून यायची, हातांना शेणाचा वास, पदराखाली झाकून आणलेला तांब्या. तिला काय सांगू, की हे ओतून दे? आणि खरं बोलायचं तर मला दूध आवडायला लागलं होतं. रोज दूध प्यायचं हे सोळा वर्षांत मला ठाऊक नव्हतं.

दर खेपेला बाई विचारायच्या, "कॅप्सूल पाण्याबरोबर?"

मी म्हणायची, "व्हय बाई. पाण्याबरूबर."

त्या वहीत तसं लिहायच्या.

महिना झाला. वरची साल निघत होती, पण फोड तसेच, नव्यानं पिकत होते. बाई बुचकळ्यात पडल्या. वही पुन्हा पुन्हा उघडायच्या. "बाकीच्यांना एवढ्यात फरक पडतो. तुमचं काय होतंय?" मी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत बसायची. मार्च सरला. एप्रिलमध्ये त्या म्हणाल्या, "दिवस थोडे राहिलेत. वरचं औषध थोडं तेज करून बघू." आणि माझ्यादेखत बाही सारून स्वतःच्या हातावर नवा चौकोन काढला. चार दिवस थांबल्या. त्यांच्या हाताला काही झालं नाही. मग माझ्या तोंडाला लावलं.

पण त्यांच्या हातावर फोड नव्हते. माझी कातडी आतून पेटलेली होती, कारण कॅप्सूल आत पोचतच नव्हती. एकोणतीस सक म्हणेपर्यंत मला कळलं की आज काहीतरी निराळं होतंय. पाढा सोडून मी ओरडले. बाईंनी लगेच धुतलं, पाण्याच्या घड्या ठेवल्या, संध्याकाळपर्यंत मला तिथंच बसवून ठेवलं. तरी चार दिवसांनी दोन्ही गालांवर काळे डाग उमटले, रुपयाएवढे.

आईनं ते बघितलं आणि ती रडत अण्णांच्या गोठ्यात गेली. दुसरीकडं कुठं जाणार होती?

ज्या अण्णांनी माझ्या आईला कधी ओट्यावर चढू दिलं नाही, ते अण्णा त्या दिवशी आमच्या पुढं चालत दवाखान्यात आले. बरोबर पंधरा-वीस माणसं. बाजारातून जाताना आणखी मिळाली. मला मधे घातलं होतं, सगळ्यांना तोंड दिसावं म्हणून.

बाई दारात आल्या.

अण्णा म्हणाले, "बघा, काय करून ठेवलंत पोरीचं. आता हिला कोण पत्करणार?"

बाई म्हणाल्या, "त्यांना ट्रेनिंगला जायचंय. पत्करायचं कोण बोललं?" मग माझ्याकडं बघून, "डाग जातील. वेळ लागेल, पण जातील."

मागून कुणीतरी म्हणालं, "गरिबाची पोरं घावली हिला हात साफ करायला."

तेवढ्यात आई पुढं झाली. "बाई, म्या तुमचं समदं ऐकलं. एक दिस गोळी चुकू दिली न्हाई. गरम पडू नये म्हनून रोज शेण काढलं, कपभर दूध आणलं, त्याच्याबरूबर दिली. आनि तुमी माज्या पोरीचं त्वांड जाळलं."

बाईंनी एकदम माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

"दूध कुठून आणत होतीस?" त्यांनी आईला विचारलं. पहिल्यांदाच हळू आवाजात.

"अण्णांच्यातनं."

बाईंनी अण्णांकडं बघितलं. अण्णा पाटीकडं बघत होते. पाटी त्यांच्या डोळ्यांसमोरच होती, दारावर.

आता बाईंना एकच वाक्य बोलायचं होतं. जे वाक्य त्या उठता-बसता बोलायच्या, ज्याच्यासाठी ड्रायव्हरच्या हातातला कप ओतला, ज्याच्यासाठी अख्खं गाव त्यांना हसत होतं. आज पहिल्यांदा ते त्यांच्या कामाचं होतं. मागं एकजण पाटी वाचून कुजबुजायला लागलाच होता, "दुधाबरोबर दिली? लिहिलंय की हितं. ह्या लोकांना किती सांगा..." आणि दोन-चार माना आईकडं वळल्या. आईला काही समजलं नव्हतं. ती पदरानं नाक पुसत उभी होती.

बाई मोठ्यानं म्हणाल्या, "औषध मी तेज केलं होतं. चूक माझी. यांची काही नाही."

झालं. अण्णा वळले आणि लोकांना म्हणाले, "ऐकलंत न्हवं? स्वतःच्या तोंडानं कबूल झाली."

मी तिथं होते. दोन हातांवर. मला तोंड होतं, जळलेलं का असेना. मी बोलले नाही.

आठ दिवसांत घरमालकानं खोल्या खाली करायला सांगितल्या. ज्यांची तोंडं त्यांनी स्वच्छ करून दिली होती, त्यांच्यातला एकही बाप पुढं आला नाही. ज्याला त्याला आपल्या घरात मुरूम होते हे लपवायचं होतं. सालपटं म्हणून हसणारे तेवढे भरपूर होते.

मी छत्री परत द्यायला गेले. बाई बाटल्या गवतात गुंडाळून खोक्यात भरत होत्या. म्हणाल्या, "या, बसा." तसंच, 'अहो'.

मी म्हटलं, "बाई, मी..."

"कॅप्सूल किती उरल्यात?"

मी सांगितलं. त्यांनी आणखी एक बाटली दिली. "पाण्याबरोबर घ्या. अनशापोटी. तोंडाला आता दुसरं काही लावू नका. आणि आईंना काही सांगू नका. त्यांनी तुमच्यासाठी शेण काढलंय. त्यांना चुना कुठून दिसणार?"

त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी आईला 'अहो'मध्ये घेतलं. छत्रीही घेतली नाही. "अजून ऊन आहे," म्हणाल्या.

मी कॅप्सूल पाण्याबरोबर घेतल्या. आईनं दूध आणलं की ते आधी बाजूला ठेवायची आणि तीन तासांनी प्यायची. आईला सांगितलं, गार झालेलं जास्त चांगलं असतं. आषाढात फोड बसले, श्रावण सरेपर्यंत डागही फिके पडले. तोंड असं निवळलं, की माझं मला ओळखू येईना. पण यादी मे महिन्यात बंद झाली होती. दिवाळीनंतर माझं लग्न झालं, भोंगवलीला.

आणि अण्णा? चहाच्या टपरीवर बसून सांगायचे, "बाईनं जाळलेलं त्वांड माज्या गोठ्यातल्या दुधानं निवळलं." लोक माना डोलवायचे. हे ऐकूनसुद्धा मी गप्प बसले. तोंड उघडलं असतं तर आईचं नाव आलं असतं. आई मरेपर्यंत म्हणायची, "त्या बाईनं माज्या पोरीचं वाटुळं केलं." मी म्हणायची, "व्हय आये." शेवटच्या दुखण्यात तिला गोळी द्यायला बसले की ती म्हणायची, "दुधाबरूबर दे गं, गरम पडंल." मग मी डॉक्टरांना विचारून घ्यायची, आणि ते चालेल म्हणाले की दुधाबरोबर द्यायची.

एक राग मात्र माझा बाईंवरही आहे, तो लपवत नाही. तुम्ही मला पहिल्या दिवसापासून 'अहो' म्हणत होतात. तोंड ज्याचं, पेशंट तो, हा तुमचा कायदा. मग त्या दिवशी दारात मला विचारायचं होतंत. दटावून विचारायचं, की तुम्ही कॅप्सूल कशाबरोबर घेत होता? मला एवढं मोठं केलंत, आणि नेमक्या त्या वेळी लहान धरून पाठीशी घातलंत. मला त्याची गरज नव्हती. होती की नव्हती, ते आता मला सांगता येत नाही, पण राग आहे.

माझ्या नातीला यंदा मुरूम आले. पुण्याच्या डॉक्टरांनी तेच दिलं. महिन्यातून एकदा वरून साल काढायचं औषध, आणि आतून कॅप्सूल. माझी नात खुर्चीत बसते, मोबाईलवर सेकंद मोजतात, पाढा कुणी म्हणायला लावत नाही. औषधाच्या दुकानातून कागदी पाकीट आलं, त्यावर शिक्का मारलेला: दुधाबरोबर घेऊ नये. नातीनं ते वाचलं, पाण्याचा घोट घेतला, कॅप्सूल गिळली आणि क्लासला गेली. ना कुणाच्या धंद्याचा अपमान झाला, ना पंधरा-वीस माणसं दुकानावर चालून गेली. त्याच शब्दांसाठी एका बाईला आम्ही गावातून घालवलं होतं.

ते पाकीट मी वहीत ठेवलंय. त्या लग्नातल्या बाईला दाखवणार आहे.

आणि जे तेव्हा म्हणायचं राहिलं ते इथं लिहून ठेवते. बाई, तुमचं औषध बरोबर होतं. मी कॅप्सूल रोज दुधाबरोबर घेत होते. तुम्ही दर खेपेला विचारलंत आणि मी दर खेपेला खोटं बोलले.